अंडाशयाच्या गाठीची शस्त्रक्रिया ठरलेलीच असेल, तर आधी एमआरआय कशासाठी?

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीविषयी विचारायचे आहे. तिचे वय ३४ आहे. तिला एक मुलगी आहे आणि दुसऱ्या मुलाचा विचार चालू असतानाच ओटीपोटात जडपणा वाटू लागल्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी तिची सोनोग्राफी केली. डाव्या अंडाशयात ८.२ सेंटिमीटरची गाठ दिसली. तिच्यात पाण्याचे एकाहून अधिक कप्पे आहेत आणि एका कप्प्याच्या भिंतीला लागून सुमारे दोन सेंटिमीटरचा घन भाग आहे, असे रिपोर्टमध्ये लिहिले आहे. पोटात पाणी नाही आणि उजवे अंडाशय चांगले आहे. रक्तातील सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणारे प्रथिन) ची पातळी ११२ आली असून प्रयोगशाळेने मर्यादा ३५ दिली आहे.

पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे असे की पुढच्याच आठवड्यात दुर्बिणीतून गाठ काढू, तपासायला पाठवू आणि काही निघाले तर पुढचे पाहू. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र कॉन्ट्रास्टसह एमआरआय झाल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका, असे निक्षून सांगितले. घरात यावरून एकवाक्यता नाही. आईला वाटते की दिवस वाया जात आहेत. बहिणीच्या यजमानांना वाटते की एमआरआयने कर्करोग आहे की नाही हे नक्की कळणार असेल तरच तो करावा. माझे प्रश्न साधे आहेत. गाठ काढायचीच आहे, तर एमआरआयने काय बदलणार आहे? सुईने तुकडा घेऊन तपासता येत नाही का? आणि सीटी स्कॅन लगेच होऊ शकतो, मग तोच का नको?

क्षकिरण

ताई, मी गेली अनेक वर्षे रेडिओलॉजीत, मुख्यतः ओटीपोटाच्या एमआरआयचे काम करते. बहिणीची चित्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे तिच्या गाठीविषयी निदान सांगणार नाही. पण दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय का मागितला, हे सांगू शकते, आणि माझ्या मते त्यांनी योग्य तेच केले.

अंडाशयाच्या गाठीसाठी पहिली तपासणी सोनोग्राफीच असते आणि बहुतेक गाठींचा उलगडा तिथेच होतो. तरीही पाचांतील एखाद्या गाठीबाबत सोनोग्राफी ठाम उत्तर देऊ शकत नाही. त्यात सीए-१२५ वाढलेले असेल की घबराट होते. १९९० साली ब्रिटनमध्ये मांडलेला एक हिशोब आजही अनेक ठिकाणी वापरतात. सोनोग्राफीतील दोन किंवा अधिक खुणांसाठी (अनेक कप्पे, घन भाग वगैरे) ३ गुण, पाळी चालू असल्यास १ आणि गेलेली असल्यास ३ गुण, आणि त्यांना सीए-१२५ च्या आकड्याने गुणायचे. तुमच्या बहिणीचे उत्तर ३ गुणिले १ गुणिले ११२, म्हणजे ३३६ येते आणि २०० च्या वरचा आकडा धोक्याचा मानतात. पण हाच आकडा एखाद्या चॉकलेट सिस्टमध्येही, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेल्या गाठीतही, सहज येऊ शकतो. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढणे), फायब्रॉइड, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, क्षयरोग, इतकेच काय, नुसती पाळी चालू असतानाही सीए-१२५ वाढते, आणि चॉकलेट सिस्टमध्ये साकळलेले रक्त सोनोग्राफीवर हुबेहूब घन भागासारखे दिसू शकते. तरुण वयात हा हिशोब फसतो तो इथेच.

एमआरआयचे बळ हे आहे की गाठ कशाची बनली आहे, हे तो वेगवेगळ्या पद्धतींनी विचारतो. टी-१ नावाच्या चित्रांत चरबी आणि जुने रक्त दोन्ही पांढरी दिसतात. मग चरबीचा संदेश दाबून तेच चित्र पुन्हा घेतले जाते. पांढरा भाग काळा पडला, तर ती चरबी, म्हणजे बहुधा डर्मॉइड नावाची साधी गाठ. पांढराच राहिला, तर ते रक्त, आणि टी-२ या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत तोच भाग झाकोळलेला दिसला, तर चॉकलेट सिस्टची शक्यता बळावते. टी-२ वर आणि डिफ्युजनच्या (ऊतीतील पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या) चित्रांवरही घन भाग गडद काळा असेल, तर तो तंतुमय, म्हणजे फायब्रोमासारखा निरुपद्रवी असतो. केवळ हा एक निकष माहीत असल्यामुळे कितीतरी स्त्रियांची कर्करोगाची भीती शस्त्रक्रियेआधीच दूर होते, आणि मला या तपासणीतील सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच वाटते.

यानंतर कॉन्ट्रास्ट. गॅडोलिनियमचे इंजेक्शन शिरेतून देत असताना दर १५ सेकंदांनी किंवा त्याहून जलद चित्रे घेतली जातात आणि घन भागात औषध किती वेगाने शिरते याचा आलेख काढला जातो. साकळलेल्या रक्तात औषध शिरतच नाही, कारण त्यात रक्तवाहिन्या नसतात. चॉकलेट सिस्ट आधीच पांढरी दिसत असल्यामुळे इंजेक्शनपूर्वीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा करून पाहावे लागते; ही वजाबाकी झाली नाही तर चूक होते. खऱ्या घन ऊतीचा आलेख गर्भाशयाच्या स्नायूशी ताडून पाहतात. हळूहळू चढत जाऊन सपाट न होणारा आलेख कमी धोक्याचा. आधी चढून मग सपाट होणारा, पण स्नायूपेक्षा उशिरा चढणारा आलेख मध्यम धोक्याचा. स्नायूपेक्षाही झपाट्याने चढणारा आलेख जास्त धोक्याचा.

या सर्व निरीक्षणांवरून ओ-रॅड्स एमआरआय नावाची श्रेणी दिली जाते. २ म्हणजे गाठ जवळपास निश्चितपणे साधी, कर्करोगाची शक्यता अर्ध्या टक्क्याहून कमी. ३ म्हणजे सुमारे ५ टक्के, ४ म्हणजे सुमारे ५० टक्के आणि ५ म्हणजे सुमारे ९० टक्के. ही श्रेणी कितपत भरवशाची आहे, हे युरोपातील १५ केंद्रांच्या अभ्यासातून तपासले गेले आणि तो २०२० साली 'जामा नेटवर्क ओपन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीने उलगडा न झालेल्या १,३४० स्त्रिया त्यात घेतल्या होत्या. कर्करोग असलेल्या १०० पैकी ९३ जणींना एमआरआयने बरोबर ओळखले, आणि नसलेल्या १०० पैकी ९१ जणींना बरोबर वगळले. त्याच अभ्यासात कर्करोग निघालेल्या स्त्रिया सुमारे १८ टक्केच होत्या. 'सोनोग्राफीत नक्की कळत नाही' या शब्दांचा अर्थ 'कर्करोग आहे' असा मनात धरून बसू नका, असे मी प्रत्येकीला सांगते ते या आकड्याच्या आधारावर.

तरीही बहिणीच्या यजमानांना स्पष्टच सांगायला हवे की 'नक्की' हा शब्द एमआरआय देत नाही. असे प्रश्न असलेल्या १,००० स्त्रिया घेतल्या आणि वरचेच आकडे लावले, तर १८० जणींच्या कर्करोगांपैकी साधारण १३ निसटतील आणि ८२० साध्या गाठींपैकी साधारण ७४ गाठींवर अकारण संशय येईल. शेवटचा शब्द पॅथॉलॉजीचाच, म्हणजे काढलेल्या ऊतीच्या तपासणीचाच, असतो. शस्त्रक्रिया कोणी, कुठे आणि किती करायची हे ठरवण्याइतका पक्का अंदाज एमआरआयमधून मिळतो.

सीटीविषयी थोडक्यात. गाठीच्या आत काय आहे, हे सांगण्यात सीटी कमी पडतो, पण कर्करोगाचा संशय पक्का झाल्यावर तो छाती-पोटात कुठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी सीटीच आधी करतात. दोघांची कामे वेगळी आहेत. आणि एक विनंती: वेळ ठरवताना केंद्राला विचारा की कॉन्ट्रास्टची चित्रे सलग, आलेखासाठी घेणार का, आणि डिफ्युजन असेल का. या दोन गोष्टींवाचून केलेला साधा एमआरआय या प्रश्नासाठी अर्धवट ठरतो आणि मग तो पुन्हा करावा लागतो. फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञाला फिल्मवरून आलेख काढता येत नाही.

शल्यविशारद (पुणे)

वरील उत्तर अचूक आहे. मी स्त्रियांच्या कर्करोगांच्या शस्त्रक्रिया करतो, म्हणून 'काढायचीच आहे, तर एमआरआयने काय बदलते' या प्रश्नावर सविस्तर लिहितो.

गाठ काढणे ही एकच शस्त्रक्रिया नाही. चॉकलेट सिस्ट किंवा डर्मॉइड असेल, तर दुर्बिणीतून केवळ सिस्टची पिशवी सोलून काढता येते आणि अंडाशय वाचवता येते. काही वेळा तर काहीच काढावे लागत नाही. कर्करोगाचा संशय असेल, तर मात्र गाठ न फोडता, अंडाशय आणि गर्भनलिकेसह अखंड बाहेर काढावी लागते, पोटातील द्रव तपासणीसाठी घ्यावा लागतो, पोटाचे आवरण, आतड्यांवरचा चरबीचा पदर आणि दुसरे अंडाशय नीट पाहावे लागते. या दोन शस्त्रक्रियांची सुरुवातच वेगळी असते. अंडाशयापुरता मर्यादित असलेला कर्करोग शस्त्रक्रियेत फुटला, तर फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१४ च्या वर्गीकरणानुसार तो एक-ए या टप्प्यावरून एक-सी मध्ये जातो, आणि जी स्त्री कदाचित केवळ शस्त्रक्रियेने बरी झाली असती, तिच्यासाठी केमोथेरपीचा विचार करावा लागतो. 'काढून पाहू' या विचारातला धोका हा आहे. ज्या स्त्रियांना दुसऱ्यांदा पोट उघडण्यासाठी माझ्याकडे यावे लागले, त्यांतील अनेकींचा त्रास आधी एक चांगली तपासणी झाली असती तर टळला असता, याचे मला आजही वाईट वाटते.

सुईचे उत्तरही यातच आहे. गाठ अंडाशयातच बंदिस्त असेल, तर तिला सुई टोचणे म्हणजे आपल्या हाताने तिचे आवरण भेदणे; शिवाय ज्या थेंबात पेशी मिळतील, तो थेंब गाठीच्या नेमक्या वाईट भागातला असेलच असे नाही. आजार पोटात पसरलेला असेल, तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हा चरबीच्या पदरातून किंवा आवरणावरच्या गाठीतून सुईने तुकडा घेतला जातो, कारण आधी केमोथेरपी द्यायची की आधी शस्त्रक्रिया, हे त्यावर ठरते.

दिवस वाया जात आहेत, ही आईंची काळजी मला समजते. एमआरआयसाठी लागणारे काही दिवस पुढच्या शस्त्रक्रियेची दिशा ठरवतात, ते वाया जात नाहीत. मात्र असह्य पोटदुखी, उलट्या किंवा ताप सुरू झाला, तर गाठीला पीळ पडल्याची शक्यता असते; तेव्हा एमआरआयची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात जावे. आणखी एक गोष्ट: वय ३४ आहे, म्हणून सीए-१२५ बरोबरच एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्याही करून घ्या. तरुण वयात होणाऱ्या जर्म सेल (बीजपेशींपासून होणाऱ्या) प्रकारच्या गाठी त्यांतून सूचित होतात, आणि त्यांचे उपचार पूर्णतः निराळे असतात.

सोलापूरकरीण

मी डॉक्टर नाही, पण हा धागा वाचून राहवले नाही. माझ्या ४६ व्या वर्षी पोट फुगू लागले, वजन उतरले, सोनोग्राफीत पोटात पाणी आणि दोन्ही अंडाशयांजवळ जाडसरपणा दिसला. सीए-१२५ पाचशेच्या वर गेले. एका रुग्णालयात मला आणि माझ्या मुलाला समोर बसवून अंडाशयाचा कर्करोग पसरला आहे आणि गर्भाशयासह सर्व काढावे लागेल, असे सांगण्यात आले. त्या रात्री घरात चूल पेटली नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. त्यात अंडाशयांत वेगळी अशी गाठ नाही, पोटाचे आवरण मात्र सर्वदूर एकसारखे जाड झाले आहे, असे आले. कर्करोग नाही असे त्यांनी म्हटले नाही. चित्रावरून कर्करोग आणि पोटाचा क्षयरोग हे दोन आजार खात्रीने वेगळे करता येत नाहीत, म्हणून आवरणाचा तुकडा तपासल्याशिवाय काहीही काढायचे नाही, एवढेच म्हणाले. दुर्बिणीतून तुकडा घेतला आणि तो क्षयरोगाचा निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि आज मी शेतात काम करते. आपल्या देशात पोटाचा क्षयरोग अजून आहे, हे विसरू नका. रिपोर्टमध्ये मोठा शब्द दिसला, तरी तुकड्याचा अहवाल हाती येईपर्यंत 'सर्व काढा' याला होकार देऊ नका.

तपासणीविषयी थोडे. अर्धा-पाऊण तास लागतो, आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांच्या पिना आणि साडीची पिनसुद्धा काढावी लागते. जोडवी निघत नसतील तर आदल्या दिवशी साबणाने काढून ठेवा. चार-सहा तास उपाशी राहायला सांगतात. आतड्याची हालचाल थांबावी म्हणून एक इंजेक्शन दिले होते, त्याने तोंड थोडा वेळ कोरडे पडले. हातात घंटा देतात, ती दाबली की लगेच थांबवतात, त्यामुळे घाबरू नये असे तिला सांगा.

क्षकिरण

ताईंनी लिहिलेला अनुभव फार महत्त्वाचा आहे. जोड म्हणून एवढेच: बहिणीला तांबी बसवलेली असेल तरी बहुतेक वेळा अडचण येत नाही, पण पेसमेकर, कानातील कॉक्लिअर यंत्र किंवा मेंदूतील जुनी क्लिप असेल, तर आधी सांगायलाच हवे. किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी. दुसऱ्या मुलाचा विचार चालू होता, असे लिहिले आहे. म्हणून तपासणीआधी गर्भचाचणी जरूर करा, कारण गर्भ असताना गॅडोलिनियम टाळतात.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहीत आहे. तिन्ही रक्ततपासण्या ठीक आल्या. एमआरआयचा रिपोर्ट असा आहे: डाव्या अंडाशयात अनेक कप्प्यांची गाठ, चरबी नाही, जुने रक्त नाही, भिंतीवर १९ मिलिमीटरचा घन भाग, त्यात कॉन्ट्रास्ट शिरतो, आलेख मध्यम धोक्याचा, पोटाच्या आवरणावर काही नाही, लसिका ग्रंथी वाढलेल्या नाहीत, उजवे अंडाशय निरोगी. ओ-रॅड्स एमआरआय श्रेणी ४.

ते वाचून बहीण म्हणाली, "निम्मे-निम्मे, म्हणजे तपासणी करून आपल्याला कळले काय?" मला तिला उत्तर देता आले नाही. कृपया सांगाल का?

क्षकिरण

तिचा प्रश्न रास्त आहे, आणि निम्म्या शक्यतेची बातमी घेऊन जगणे कठीण असते, हे मी मान्य करते. पण पूर्वी जे माहीत नव्हते ते आता माहीत आहे. ही चॉकलेट सिस्ट नाही, म्हणून वाढलेले सीए-१२५ तिच्या माथी मारून निश्चिंत राहता येणार नाही. घन भाग हे साकळलेले रक्त नाही, ती जिवंत ऊती आहे. त्याच वेळी आजार बाहेर पसरल्याची कोणतीही खूण नाही आणि दुसरे अंडाशय निरोगी आहे. चौथ्या श्रेणीत अनेक प्रकारच्या गाठी येतात. त्यांत पूर्णपणे साधा सिस्टअडिनोफायब्रोमा असतो, साधी गाठ आणि कर्करोग यांच्या सीमारेषेवरच्या, म्हणजे बॉर्डरलाइन गाठी असतात आणि काही खरे कर्करोगही असतात. तिच्या वयात आणि भिंतीवर असा भाग असताना पहिल्या दोन प्रकारांचा वाटा लक्षणीय असतो. यापुढे चित्रांतून अधिक काढण्याचा प्रयत्न करू नये. पेट स्कॅन सुचवला गेला, तरी तो इथे फारसा उपयोगाचा नाही, कारण बॉर्डरलाइन गाठी त्यात बऱ्याचदा उजळत नाहीत आणि पाळीच्या चक्रातील निरोगी अंडाशय मात्र उजळू शकते.

शल्यविशारद (पुणे)

श्रेणी ४ आल्यावर पहिला निर्णय हा की शस्त्रक्रिया स्त्रियांच्या कर्करोगाच्या शल्यतज्ज्ञाकडे, आणि जिथे शस्त्रक्रिया चालू असतानाच फ्रोझन सेक्शन होते अशाच ठिकाणी व्हावी. गाठ अखंड काढून लगेच पॅथॉलॉजिस्टकडे जाते, साधारण अर्ध्या तासात प्राथमिक उत्तर येते आणि पुढे किती करायचे हे त्यावर ठरते. साधी निघाली, तर तिथेच थांबायचे. बॉर्डरलाइन किंवा सुरुवातीचा कर्करोग निघाला, तरी ३४ व्या वर्षी आणि मूल हवे असताना गर्भाशय आणि उजवे अंडाशय राखून बाकीची तपासणीची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा करता येते. बॉर्डरलाइन गाठींत फ्रोझन सेक्शन कधी कधी धोका कमी दाखवते, त्यामुळे त्या क्षणी अंदाजाने जास्त काढण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या अंतिम अहवालाची वाट पाहणे आणि गरज पडली तर पुन्हा शस्त्रक्रिया करणे, हे मी पसंत करतो.

दुर्बीण की पोट उघडून, हे शल्यतज्ज्ञावर सोडा. गाठ पिशवीत घालून न फुटता निघणार असेल, तर दुर्बीण चालते. ८ सेंटिमीटरच्या गाठीत ती शक्यता असते, पण खात्री नसेल तर मोठा छेद बरा.

आणि संमतिपत्र बहिणीने स्वतः वाचावे. त्यावर मराठीत स्पष्ट लिहून घ्या की डावे अंडाशय आणि डावी गर्भनलिका काढण्यास संमती आहे. पोटाच्या आवरणाचे आणि चरबीच्या पदराचे नमुने घेण्यास संमती आहे. गर्भाशय आणि उजवे अंडाशय मात्र, फ्रोझन सेक्शनमध्ये काहीही आले तरी, अंतिम अहवाल आणि तिच्याशी बोलणे झाल्याशिवाय काढू नये. शल्यतज्ज्ञांना ही अट मान्य नसेल, तर त्याचे कारण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच विचारा, टेबलावर नव्हे. एमआरआयची सीडी आणि रिपोर्ट शस्त्रक्रियेच्या दिवशी सोबत ठेवा. गाठ हातात घेणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला घन भाग नेमक्या कोणत्या भिंतीवर आहे हे आधी कळले, तर तो तुकडा तिथूनच घेतो.